आधी छप्पर आणि शिधा, फारकतीचं नंतर

दापोली तालुक्यातल्या एका वहिनींनी आपल्या नणंदेसाठी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नणंद नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन माहेरी आली आहे. सासर देवगड तालुक्यात, नवरा मुंबईला कंपनीत. तो सुट्टीवर आला की मारतो. तो नसला की सासू आणि दीर जेवणखाण तोडतात. वाडीच्या बैठकीत ठरलं आहे की तिने पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून द्यावी, एक लाख रुपये घ्यावेत आणि मोकळं व्हावं. वकिलाने पंचवीस हजार फी सांगितली. घरातला कर्ता माणूस हर्णैला बोटीवर खलाशी आहे, पावसाळ्यात कमाई बंद. सरकारकडून फुकट वकील मिळतो म्हणतात, तो नीट काम करतो का? केस देवगडला करावी लागेल का? आणि नवरा मुलांना शाळेतून उचलून नेईल, याचं काय करायचं?

वहिनी, सगळ्यात आधी एक सांगते. तो स्टॅम्प घरात आला असेल तर कपाटात ठेवा, पण तिला त्यावर सही करू देऊ नका. बैठकीला काय सांगायचं ते तुमच्या मिस्टरांनी ठरवावं. ‘वकिलाला विचारतोय’ एवढं पुरेसं आहे. ‘वकिलाला’ म्हटलं की बैठक महिनाभर थांबते, हा माझा वकिलीतला बावीस वर्षांचा अनुभव आहे.

हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकुमानेच मोडतं. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मान्य करतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत ती सिद्ध होत नाही. म्हणजे स्टॅम्पवर सही करूनही ती त्याची बायकोच राहते. फरक एवढाच पडतो की उद्या पोटगी मागितली की समोरचा वकील तोच कागद पुढे करतो आणि म्हणतो, बाई स्वखुशीने निघून गेली. पोटगीचा हक्क असा लिहून दिल्याने संपत नाही, हे आम्ही कोर्टात मांडतो आणि बहुतेक वेळा ते मानलंही जातं. पण त्या एका कागदाशी झगडण्यात वर्ष जातं, आणि त्या वर्षात तिच्या मुलांना जेवायचं असतं.

आता त्या एक लाखाचा हिशोब करा. धाकटा चार वर्षांचा आहे. तो अठराचा होईपर्यंत चौदा वर्षं, म्हणजे १६८ महिने. एक लाखाला १६८ने भागलं की महिन्याला सहाशे रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि ते तीन माणसांत. बैठकीतल्या मंडळींना वाईट बोलायचं नाही. त्यातले काही जण मनापासून भांडण मिटवू बघतात. पण हा आकडा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा.

आता फुकट वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे आणि त्या यादीत स्त्री आणि मूल हे सरळ लिहिलेलं आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. लोक हे ऐकतात आणि तरीही तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार चकरा मारतात. तुमच्या नणंदेला तो दाखला लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि दिव्यांग यांनाही उत्पन्नाची अट नाही. ज्यांना फक्त गरिबीच्या आधारावर वकील हवा आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. ही माहिती तुमच्या शेजारपाजारच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगितली.

जायचं कुठे? दापोलीच्या कोर्टात. तिथे तालुका विधी सेवा समिती असते आणि तिचे अध्यक्ष तिथलेच न्यायाधीश असतात. जिल्ह्याचं प्राधिकरण रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात. सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी ते ओरोसला, रायगडच्या लोकांसाठी अलिबागला. कोर्टात शिरल्यावर शिपायाला किंवा कुठल्याही कारकुनाला ‘विधी सेवा समितीचं टेबल कुठे’ एवढं विचारा. बाहेर झाडाखाली टायपिंगवाल्याजवळ थांबलेला कुणी ‘मी काम करून देतो, पाचशे द्या’ म्हणाला तर पुढे चला. अर्जाचा छापील नमुना असतो. नसला तर साध्या कागदावर, तिच्या भाषेत, तिच्या अक्षरात चालतो. आधार कार्डाची प्रत असली तर बरं. आधार सासरी राहिलं असेल तरी जा, त्यापायी थांबू नका. घरातून निघणं जमत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

वकील मिळाला की त्याची फी प्राधिकरण देतं. अर्ज लिहिणं, टायपिंग, नोटिशीचा खर्च, हुकुमाच्या नकला हे सगळं त्या मदतीत धरलेलं आहे. कोर्ट फीचीही काळजी नको: पोटगी, घटस्फोट आणि अत्याचार यांच्या प्रकरणांत महाराष्ट्र सरकारने १९९४ सालीच स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. झेरॉक्सला म्हणून वीस-तीस रुपये कुणी मागेल आणि तुम्ही द्याल, ते मी समजू शकते. पण ‘साहेबांना थोडं द्यावं लागतं’ असं कुणी म्हणालं तर उठून थेट समितीकडे जा.

‘तो नीट काम करतो का’ हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि मी त्याचं गोड उत्तर देणार नाही. मी स्वतः पॅनेलवर आहे. पॅनेलवरचे काही वकील जीव ओतून काम करतात, काहींना त्या तारखेची आठवण पक्षकाराने फोन केल्यावर होते. प्राधिकरण जी फी देतं ती बाजारातल्या फीच्या जवळपासही नसते, आणि त्याचा परिणाम काही माणसांवर होतो. एका तालुक्यात माझ्याकडे आलेल्या बाईच्या आधीच्या वकिलाने सात तारखांपैकी पाच तारखा नुसत्या पुढे ढकलल्या होत्या. तिला वाटत होतं, फुकटचा आहे, आपण तोंड कसं उघडायचं. तोंड उघडायचं! वकील बदलून मागण्याचा हक्क तिला आहे. अर्ज समितीकडे द्यायचा, आणि जिल्हा प्राधिकरणाचे सचिव हे न्यायाधीश असतात, त्यांच्याकडेही देता येतो. तिने दिला, पंधरा दिवसांत दुसरा वकील मिळाला. मोफत वकील म्हणजे कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या कलम ३९-अ मध्ये राज्यावर टाकलेली ती जबाबदारी आहे, आणि पहिल्या भेटीपासून तुम्ही तसंच बोला. एक वही करा. प्रत्येक तारखेला काय झालं, पुढची तारीख काय, कुठला कागद दिला, हे तिने स्वतः लिहायचं. वही असलेल्या पक्षकाराशी वकील वेगळा वागतो.

आता कोर्ट कुठलं. देवगडला जायची काहीच गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्याच्या कलम २७ प्रमाणे ती जिथे राहते तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. तात्पुरती राहत असली तरीही. माहेरी महिनाभर आहे, एवढं पुरतं. दर तारखेला दोन लेकरं घेऊन दापोली ते देवगड म्हणजे जायचा दिवस, यायचा दिवस आणि मध्ये कुणाकडे तरी मुक्काम. असं लांबचं कोर्ट करायला लावून बाईला थकवायची, ही सासरकडची जुनी युक्ती आहे, आणि कायदा करणाऱ्यांना ती माहीत होती. पोटगीचा वेगळा अर्जही ती राहते तिथे चालतो. उद्या घटस्फोटाचा विषय निघाला तर २००३ सालच्या दुरुस्तीमुळे तोही बायको आपल्या राहत्या ठिकाणी दाखल करू शकते.

माझं म्हणणं मात्र असं की घटस्फोटाचं आत्ता मनातही आणू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ बाया पहिलं वाक्य म्हणतात, ‘मला सोडचिठ्ठी हवी.’ त्यांना प्रत्यक्षात हवं असतं ते रात्री शांत झोप आणि मुलांच्या ताटात भात. सोडचिठ्ठी त्यातलं काहीच लगेच देत नाही. आधी मार थांबायला हवा, मग डोक्यावर छप्पर आणि महिन्याचा शिधा. हे तिन्ही २००५ च्या कायद्यातल्या एकाच अर्जात मागता येतात. हा कायदा दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. नवऱ्याला तुरुंगात घालणं हा त्याचा हेतू नाही, आणि म्हणूनच घाबरलेल्या माहेरालाही तो परवडतो.

अर्जात काय काय मागायचं ते वकील लिहील, पण तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे काही सुटणार नाही. संरक्षणाचा आदेश: मारायचं नाही, फोनवर शिवीगाळ करायची नाही, तिच्या माहेरी किंवा मुलांच्या शाळेत यायचं नाही. निवासाचा आदेश. दर महिन्याची रक्कम. मुलांचा तात्पुरता ताबा. स्त्रीधन परत. नुकसानभरपाई. आणि हे सगळं लागेपर्यंत अंतरिम आदेश, तोही कलम २३ खाली, तिच्या प्रतिज्ञापत्रावर. धोका दिसत असेल तर समोरच्याला न ऐकताही न्यायाधीश तो देऊ शकतात. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात साठ दिवसांत निकाल लागलेला मी फार क्वचित पाहिलाय. म्हणूनच अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडायचा. मुख्य अर्ज दोन वर्षं चालला तरी अंतरिम रकमेवर घर चालतं.

घराच्या हक्काबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या कोकणात सगळं घोडं तिथेच अडतं. नवरा मुंबईच्या खोलीत, बायको गावच्या घरात सासू-सासऱ्यांसोबत. घर सासऱ्याच्या नावावर, कधी पणजोबाच्या नावावरून उतरलेलंच नाही. मग तिला सांगतात, ‘घर तुझ्या नवऱ्याचं नाही, तुझा हक्क काय?’ पूर्वी या युक्तिवादापुढे आम्ही हरायचो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं की घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी लग्नानंतर ती तिथे सून म्हणून नांदली असेल तर ते तिचं ‘सामायिक घर’ ठरू शकतं. २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की अर्ज करतेवेळी ती त्या घरात राहत नसली तरी राहण्याचा हक्क मागू शकते. हे घर तिच्या मालकीचं होत नाही, हे तिलाही नीट सांगा, उगाच आशा नको. पण तिला तिथून बेकायदा बाहेर काढता येत नाही.

चूल वेगळी होती का, हा मुद्दा समोरून हमखास येईल. ‘तिला आम्ही पडवीतली खोली दिली होती, चूल वेगळी होती, म्हणजे ती आमच्या कुटुंबात नव्हतीच.’ ती चूल कोणी वेगळी केली, कधी केली, विहिरीवरचं पाणी कोणी बंद केलं, गणपतीत तिला माजघरात येऊ दिलं की नाही, हे सगळं अर्जात लिहायचं. जेवण तोडणं हाही छळच आहे. कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे आणि घरखर्च अडवणं तीत बसतं. फक्त मारहाणीचे वळ दाखवता आले तरच केस होते, ही समजूत काढून टाका.

ती आता परत जाणार नाही म्हणत असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका. निवासाच्या आदेशात वेगळ्या भाड्याच्या घराचा खर्चही मागता येतो. दापोलीत दोन खोल्यांचं भाडं काय आहे ते विचारून आकडा अर्जात घाला. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा: नवऱ्याला किंवा दिराला घराबाहेर राहायला लावण्याचा आदेश होऊ शकतो, सासूला किंवा घरातल्या कुठल्याही बाईला तसं काढता येत नाही. मात्र सासूविरुद्ध संरक्षणाचा आदेश मागता येतो. २०१६ सालच्या हिरल हरसोरा निकालानंतर बायकांनाही या अर्जात सामनेवाले करता येतं.

पैशांचं. नवरा कंपनीत आहे ही तुमची जमेची बाजू. कंपनीचं नाव, ठिकाण, जमली तर पगाराची जुनी स्लिप शोधा. तिच्या फोनमध्ये कुठेतरी फोटो असतोच. या कायद्यात न्यायाधीश थेट मालकाला सांगू शकतात की पगारातली अमुक रक्कम बायकोला द्या. ज्याची नोकरी पक्की आहे त्याच्या बाबतीत याच्याइतकी उपयोगी तरतूद नाही आणि तरीही निम्म्या अर्जांत ती मागितलेलीच नसते. वकिलाला कलम २० उपकलम ६ असं नाव घेऊन सांगा.

कोर्टात तो म्हणेल, मला बारा हजारच मिळतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे कोकणातल्या माणसाचं खरं उत्पन्न उघडं पडतं, पण आपण दाखवलं तर. देवगडला हापूसची कलमं आहेत ना? सातबारा ऑनलाइन निघतो, गट नंबर तिला आठवत असेल. कलमं घरची करतात की करारावर दिलीत? वाशीच्या बाजारातून दलालाची विक्रीची पट्टी येते, तिचे फोटो दिराच्या व्हॉट्सॲपवर फिरलेले असतात. काजू, सुपारी, होमस्टे, भाड्याने दिलेली होडी, काय असेल ते लिहा. जमीन सासऱ्याच्या नावावर असली तरी घराचं राहणीमान काय आहे हे न्यायाधीशांना दिसायला हवं.

पोटगीचा दुसरा रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या फौजदारी संहितेचं १२५, तेच १ जुलै २०२४ पासून या आकड्याने ओळखलं जातं. दोन्हीकडे अर्ज करता येतो, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा धरतात, म्हणून लपवायचं नाही. मिळालेली पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करायचा असतो. ‘देईल, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बायांचे सहा-सहा महिने असे बुडालेले मी पाहिलेत.

नोटीस बजावणं, हे खरं दुखणं. मुंबईचा पत्ता म्हणजे ‘अमुक चाळ, भांडुप’ एवढाच. बेलीफ जातो, खोलीला कुलूप, नोटीस परत. असं तीनदा झालं की वर्ष गेलं. म्हणून पत्ते तीन द्या: मुंबईची खोली, कंपनी आणि गावचं घर. आणि तारखा पाहून वकिलाला सांगा की गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आठवड्यात गावी नोटीस बजावायचा आग्रह धरा. चाकरमानी त्या दिवसांत घरी येतोच येतो. माझ्या कित्येक नोटिसा गौरी-विसर्जनाच्या आदल्या दिवशी लागल्या आहेत.

तालुक्याला २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याचे. ते घरगुती घटनेचा अहवाल लिहून कोर्टाला पाठवतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमायला सगळ्या राज्यांना बजावलं आहे. अधिकारी भेटले तर चांगलंच, पण खुर्ची रिकामी असेल तर त्यासाठी अर्ज अडवू नका. त्यांच्या अहवालाशिवायही कोर्ट आदेश देऊ शकतं. गावातली अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांच्याशी मात्र बोला. सासरच्या गावातल्या आशा ताईला बरंच माहीत असतं. ती साक्षीला येईलच असं नाही, तिलाही त्याच गावात राहायचंय, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात नणंदेला कधी नेलं होतं याची तारीख ती सांगू शकते, आणि ते केसपेपर मागून घेता येतात.

पुरावा म्हणून फोनमधले मेसेज आणि रेकॉर्डिंग असेल तर तो फोन विकू नका, बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. मूळ फोन लागतो. दागिन्यांचं सोनाराचं बिल नसेल तर लग्नातले फोटो चालतात. सोनं पतपेढीत गहाण ठेवलं असेल तर कुठल्या पतपेढीत, कोणत्या वर्षी, एवढं तिला आठवतं का विचारा.

पोलिसांकडे जायचं की नाही? मारहाण गंभीर असेल, गळा दाबला असेल, जाळायची धमकी असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ११२ ला फोन. जुन्या ४९८-अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्याची तक्रारही दापोलीत देता येते. २०१९ च्या रूपाली देवी निकालाप्रमाणे सासरहून हाकललेली बाई जिथे आसरा घेते तिथेही हा गुन्हा चालतो. ‘हद्द आमची नाही’ असं म्हणून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. पण ती तक्रार कधी द्यायची हा निर्णय तिचा. तुमचा नाही, माझाही नाही. गुन्हा दाखल झाल्यावर सासरची दारं बंद होतात आणि काही वेळा नवऱ्याची नोकरीही जाते, मग पोटगी कुठून येणार, हा विचार बाया करतात आणि तो चुकीचा नाही. तिला दोन्ही बाजू सांगा आणि गप्प बसा. आत्ता निदान ठाण्यात साधी नोंद करून तिची प्रत घ्या. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, म्हणून लोक तिला हसतात, पण दोन वर्षांनी कोर्टात ‘त्या दिवशी ती ठाण्यात गेली होती’ हे दाखवायला तोच कागद लागतो. १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, तिथे काही दिवस राहायची सोय, डॉक्टर, समुपदेशन आणि कायद्याची मदत एकत्र मिळते. माहेर नसलेल्या किंवा माहेराने दार लावलेल्या बाईसाठी हे फार मोलाचं आहे. तुमच्या नणंदेला वहिनी आहे.

तडजोडीला माझा विरोध नाही. बऱ्याच केसेस शेवटी तडजोडीनेच मिटतात, आणि मिटाव्यात. पण बैठकीतली तडजोड आणि कोर्टातली तडजोड यात फरक आहे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. त्यामुळे तिथे सही करण्याआधी शंभरदा विचार. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून बोचते. लोकअदालतीत एका बाईची रक्कम ठरली, आकडा चांगला होता, मी खूश होते. पण कागदावर ‘हप्त्याहप्त्याने देईन’ एवढंच राहिलं. हप्ता किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, चुकला तर काय, हे मी लिहून घेतलं नाही. ती बाई त्या पैशासाठी दोन वर्षं माझ्याकडे येत राहिली. तेव्हापासून मी तारीख, आकडा आणि बँक खातं लिहिल्याशिवाय कुठल्याही तडजोडीवर पक्षकाराची सही होऊ देत नाही. तुम्हीही देऊ नका.

मुसलमान बहिणींसाठी दोन वाक्यं, कारण दाभोळ, खेड, राजिवडा इथून मला हा प्रश्न नेहमी येतो. २००५ चा हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना सारखाच आहे. जुन्या १२५ खालची पोटगी तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे.

मुंबईत नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड थाटलंय अशी कुजबुज असेल, आणि अशा प्रकरणांत ती बहुतेकदा असतेच, तर तेही वकिलाला सांगा, लाज धरू नका. त्याने तिचा हक्क कमी होत नाही, उलट ती वेगळी का राहते याचं ते सबळ कारण ठरतं.

हुकूम विरुद्ध गेला तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे, आणि तिथेही मोफत वकील मिळतो. त्याच्या वर जायचं झालं तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसतं. आत्ता त्याची चिंता नको.

आता मुलांचं, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे. मुलगा पाच वर्षांच्या आत आहे, त्याचा ताबा साधारणपणे आईकडेच राहतो. मुलीच्या बाबतीत न्यायाधीश तिचं हित आणि तिचं म्हणणं पाहतात. मुलीला दापोलीच्या शाळेत लगेच घाला. देवगडच्या शाळेतून दाखला मिळत नाही म्हणून अडवलं तर मुख्याध्यापकांना सांगा की शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश रोखता येत नाही. तिला ‘कोर्टात कुणाकडे राहायचं सांगायचं’ हे शिकवू नका. मुलं पढवलेली आहेत हे न्यायाधीशांना लगेच कळतं आणि त्या मुलीला ते आयुष्यभर पुरतं.

ताब्याचा अंतरिम आदेश येईपर्यंत बाप मुलांना भेटायला आला तर तो गुन्हेगार नाही, हेही खरं आहे. म्हणून आज एवढंच करा: मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकेला तिच्या सहीचं पत्र द्या की मुलांना आई, तुम्ही आणि तुमचे मिस्टर या तिघांशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही. पोच घ्या. आदेश आला की त्याची प्रत फुकट मिळते. त्याच दिवशी एक शाळेत, एक अंगणवाडीत, एक दापोली ठाण्यात द्यायची आणि प्रत्येक ठिकाणचा शिक्का तिच्या वहीत घ्यायचा. त्यानंतर संरक्षण आदेश मोडून तो शाळेच्या दारात आला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पोलिसांना ‘तुमचं घरगुती भांडण आहे’ असं म्हणता येणार नाही.

सोमवारी कोर्टात जाताना धाकट्याला घेऊन जाऊ नका, तो दिवसभर रडेल आणि तिचं लक्ष लागणार नाही. त्याला तुम्ही सांभाळा. तिच्यासोबत तुमच्या मिस्टरांना पाठवा, पण टेबलासमोर बोलायचं तिने. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले तर कोर्ट बसायच्या आत पोहोचतील.